आकड्यांची साक्ष

बार्शीटाकळीस संध्याकाळी फिरावयास जाण्याचा माझा परिपाठ आता पुष्कळ वर्षांचा झाला आहे. कालंका देवीच्या हेमाडपंती देवालयापर्यंत जावे, तेथे घटकाभर टेकावे आणि दिवे लागता लागता परत फिरून बाजारातल्या एका हॉटेलात अर्धा कप चहा घ्यावा, असा हा क्रम आहे. देवालयाच्या शांततेतून उठून हॉटेलातल्या गलबल्यात शिरताना मला कधी कंटाळा आला नाही. एके ठिकाणी बाराव्या शतकातला शिलालेख मुकाट उभा असतो; दुसऱ्या ठिकाणी आजच्या दिवसाची प्रत्येक गोष्ट चार चार तोंडांनी बोलली जात असते. पावसाची लक्षणे, कापसाचा भाव, कोणाच्या मुलीचे कोठे जमले, आणि गेल्या काही वर्षांपासून, फुटबॉल.

वऱ्हाडातल्या एका लहान गावी फुटबॉलवर रणे माजावीत हे ऐकून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु हातातल्या फोनने मुंबई, कलकत्ता आणि लंडन ही तिन्ही शहरे आमच्या हॉटेलातील बाकावर आणून बसविली आहेत. ज्यांनी कलकत्त्याचे मैदान जन्मात पाहिले नाही, ते तेथील गोलरक्षक कोणत्या बाजूस उडी घेण्यास बिचकतो, हे छातीठोकपणे सांगतात. त्यांतील दोघे एके काळी माझे विद्यार्थी होते. एक खते-बियाणांच्या दुकानात हिशेब लिहितो. दुसरा मोटारसायकली दुरुस्त करतो. हिशेब लिहिणाऱ्याचे मामा मुंबईस अंधेरीला राहतात. त्यांच्याबरोबर एकदा तेथील मैदानावर सामना पाहिल्यापासून तो मुंबई सिटी संघाचा झाला. दुसऱ्याचे थोरले भाऊ लष्करात असताना काही काळ कलकत्त्यास होते; त्यांनी सुट्टीत आणलेला हिरव्या-तांबड्या पट्ट्यांचा सदरा अंगात घातल्या दिवसापासून तो मोहन बागानचा झाला. एरवी दोघांत एका ताटात जेवण्याइतका स्नेह होता.

सन २०२४ च्या मे महिन्यात, उन्हाने जीव नकोसा झालेला असताना, हे दोघे मला दोन वेगळ्या बाकांवर बसलेले दिसले. मधल्या बाकावर तिसरेच कोणी होते. मी चहा सांगितला तोच हिशेबनीस म्हणाला, “सर, आता तुम्हीच सांगा, खरा चॅम्पियन कोन?” दुसरा तिकडूनच म्हणाला, “सरले कायले विचारतं? बावीस मॅचचा हिशेब हाय तो. कप त एका रातीचा खेळ.” त्यावर पहिला उसळला, “मंग फायनल ठेवलीच कायले बे?” मी चहा पिऊन उठलो आणि उत्तर दिले नाही. न देण्याचे कारण शेवटी सांगेन. आधी भांडण काय होते ते सांगितले पाहिजे.

भारतातील इंडियन सुपर लीग या स्पर्धेत तेव्हा दोन मान असत. सर्व संघ एकमेकांशी खेळून गुणांच्या तक्त्यात जो वर राही त्यास शील्ड मिळे. पुढे वरच्या काही संघांत बाद फेरी होऊन जो अखेरचा सामना जिंके त्यास कप मिळे. २०२३-२४ च्या हंगामात साखळीचा शेवटचा सामना १५ एप्रिल रोजी कलकत्त्यास सॉल्ट लेकच्या मैदानावर याच दोन संघांत पडला. मुंबईचे ४७ गुण होते, मोहन बागानचे ४५. मुंबईस बरोबरी पुरली असती. मोहन बागानने २-१ असा विजय मिळविला, आणि ४८ विरुद्ध ४७ अशा एका गुणाच्या अंतराने शील्ड नेले. पुढे १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच मैदानावर हेच दोन संघ कपासाठी समोरासमोर आले. पहिला गोल बागानने केला. तथापि सामना मुंबईने ३-१ असा जिंकला. म्हणजे एकाच हंगामात, एकाच मैदानावर, दोघांनी एकमेकांना हरवून एकेक मान घेतला. आता ‘खरा’ विजेता कोण?

मुंबईवाल्याचे म्हणणे असे, की ज्या रात्री सारे काही पणास लागते त्या रात्री जो उभा राहतो तोच विजेता. बागानवाल्याचे म्हणणे असे, की एका रात्रीत नशिबाचा वाटा मोठा असतो. बावीस सामन्यांत नशीब दोघांस सारखे वाटले जाते आणि योग्यता तेवढी उरते. दोन्ही युक्तिवाद ऐकण्यासारखे आहेत. त्यांवर गंभीरपणे विचार करणाऱ्यास दोहोंतही तथ्य आढळेल. परंतु मला खटकली ती गोष्ट निराळीच होती. २०२२-२३ च्या, म्हणजे त्याच्या आदल्याच हंगामात, शील्ड मुंबईने जिंकले होते आणि कप मोहन बागानने, ज्याच्या नावाआधी त्या वेळी एटीके ही अक्षरे असत. मार्च २०२३ मध्ये गोव्यास बंगळूरूच्या संघाविरुद्ध पेनल्टीच्या फटक्यांवर तो कप आला होता. त्या वर्षी याच हॉटेलात, याच बाकांवर, याच दोघांचा असाच वाद मी ऐकला होता. फरक एवढाच, की त्या वर्षी वीस सामन्यांचा हिशेब मुंबईवाला मांडीत होता, आणि ‘रात्रीचा मर्द’ बागानवाला शोधीत होता.

एका वर्षात दोघांनी आपले युक्तिवाद एकमेकांस दिले, आणि दिल्याची दोघांनाही आठवण राहिली नाही. गावातल्या दोन घरांनी लग्नसराईत भांडी अदलाबदल करावीत आणि पुढे ती आपलीच म्हणून वापरावीत, तसा हा प्रकार झाला. यात लबाडी होती असे मला वाटत नाही. लबाडाला आपण फिरलो हे ठाऊक असते. या दोघांस ते ठाऊकच नव्हते. प्रत्येकाची अशी प्रामाणिक समजूत होती की, आकडे पाहून आपण या निर्णयास आलो. वस्तुतः निर्णय आधी झाला होता, आणि मागाहून आकड्यांस बोलावणे गेले होते. न्यायाधीशाने निकाल लिहून ठेवावा आणि मग साक्षीदारास पुकारावे, अशी ही कचेरी आहे. आणि तीत आपण सारेच केव्हा ना केव्हा बसतो.

आकडा खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे आहे. पण आकडा विचारल्यावाचूनही बोलत नाही, हे आपण विसरतो. काय मोजावयाचे हे माणूस आधी ठरवितो. पेलेने किती गोल केले, या साध्या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. मैत्रीचे आणि दौऱ्यावरचे सामने धरले तर हजाराहून कितीतरी अधिक. केवळ अधिकृत स्पर्धांतले धरले तर साडेसातशेच्या आसपास. दोन्ही संख्या खऱ्या आहेत. भांडण संख्येचे नसून ‘गोल कशास म्हणावे’ याचे आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात छापलेले नसते. मेस्सी श्रेष्ठ की रोनाल्डो, या वादाचीही हीच स्थिती आहे. एक जण मेस्सीचे बॅलन डी’ओर पुरस्कार बोटांवर मोजून आठ दाखवितो. दुसरा रोनाल्डोचे पाच कबूल करून एकूण गोलांच्या नऊशेपार गेलेल्या राशीकडे बोट करतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर न देता आपल्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने वाचतो.

अजिंक्यपदसुद्धा अशाच एका ठरावावर उभे असते. इंग्लंडमध्ये १९८९ साली २६ मे रोजी लिव्हरपूलच्या मैदानावर आर्सेनलने शेवटच्या मिनिटास दुसरा गोल करून सामना २-० असा जिंकला. हंगामाअखेर दोन्ही संघांचे ७६ गुण झाले. केलेले गोल आणि खाल्लेले गोल यांतील फरकही दोघांचा ३७ असाच. तेव्हा ज्याने अधिक गोल केले तो श्रेष्ठ, या नियमाने ७३ गोलांचे आर्सेनल ६५ गोलांच्या लिव्हरपूलवर विजेते ठरले. नियम जर उलट असता, ज्याने कमी गोल खाल्ले तो श्रेष्ठ असे लिहिलेले असते, तर त्याच आकड्यांनी चषक लिव्हरपूलच्या हाती दिला असता. आर्सेनलचा विजय यामुळे तसूभर उणा होत नाही. नियम आधी ठाऊक होता आणि दोघांनी तो मान्य करून खेळास आरंभ केला होता. मात्र एवढे दिसते, की अजिंक्यपद म्हणजे ‘आपण सर्वांनी मिळून ज्याला विजय म्हणावयाचे ठरविले तो’. ‘खरा’ विजेता त्याच्याही पलीकडे कोठे दडलेला असून आकडेमोडीने तो सापडेल, ही समजूत भ्रामक होय.

आपल्या पूर्वजांनी वादविवादाचे शास्त्र बारकाईने अभ्यासिले होते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्यात दोघांसही तत्त्व कळून घ्यावयाचे असते तो वाद. ज्यात जिंकणे हा हेतू असून त्यासाठी शब्दच्छलही चालतो तो जल्प. आणि ज्यात स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा तो वितंडा. आमच्या हॉटेलात यांपैकी पहिला प्रकार वर्षातून एखादेच वेळी, बहुधा कोणी चुकून हरलेल्या दिवशी, ऐकू येतो. बाकी सारा जल्प. आणि आपल्या संघाचे अगदीच काही उरले नाही म्हणजे वितंडा. तथापि गौतमाने या दोहोंस सरसकट हद्दपार केलेले नाही. कोवळ्या अंकुराभोवती काट्यांचे कुंपण घालावे, तसे सत्याच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचा उपयोग होतो, असे त्याने म्हटले आहे. हा दृष्टांत शेतकऱ्याच्या देशात जन्मलेल्या माणसालाच सुचावा. पण आमच्याकडे जे होते ते असे, की कुंपण वर्षानुवर्षे दाट होत जाते, आणि आत डोकावून पाहावे तर पेरलेले काहीच नसते.

मग यावर उपाय काय? काही सज्जन असे म्हणतील, की मुळात पक्षच घेऊ नये. खेळ खेळ म्हणून पाहावा, कोणी जिंको, टाळी वाजवावी. हा उपदेश ऐकावयास गोड असला तरी मला तो निर्जीव वाटतो. ज्याला कोणताच संघ आपला वाटत नाही, त्याला खेळही फार काळ आपला वाटत नाही. १९११ च्या २९ जुलै रोजी मोहन बागानच्या खेळाडूंनी, ज्यांतील बहुतेक अनवाणी होते, ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या संघास २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकले. त्या दिवशी मैदानावर लोटलेल्या माणसांनी जर ‘कोणी जिंको’ असे म्हटले असते, तर तो दिवस आज कोणाच्या स्मरणात राहिला असता? आपलेपणा आंधळा असतो, अकारण असतो. एखाद्या मामाने नेलेल्या एका सामन्यावर किंवा भावाने आणलेल्या एका सदऱ्यावर तो जन्मभर उभा राहतो. आपण आपली गावे, आपल्या बोली आणि बहुतेक आपली माणसे याच रीतीने आपली मानतो. तक्ता पाहून कोणी आई निवडीत नाही.

तेव्हा प्रेम पक्षपाती असणे हा दोष नव्हे. दोष तेथे सुरू होतो, जेथे प्रेमाला साक्ष द्यावयास उभे करावे लागते. मी शिक्षक होतो. माझा मुलगा दोन वर्षे माझ्याच वर्गात होता. त्याने पहिले यावे असे मला वाटे. त्याच्या परीक्षेच्या आदल्या रात्री मला झोप येत नसे, आणि यात मला कधी लाज वाटली नाही. परंतु त्याची उत्तरपत्रिका पुढे आली की तांबड्या शाईच्या लेखणीने बाप बाजूस सारला पाहिजे, हेही मला कळत होते. ते साधले की नाही याची परीक्षा मी एका गोष्टीवरून करीत असे. त्याच्या चुकीवर लेखणी अडखळली काय, आणि त्याच्या पुढच्या क्रमांकाच्या मुलाने लिहिलेले एखादे सुंदर उत्तर वाचताना मनास किंचित टोचले काय? टोचणे माझ्या हाती नव्हते. टोचले तरी पुरे गुण देणे, हे मात्र माझ्याच हाती होते. माझ्या मते सारी नीती या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत असते.

खेळाच्या इतिहासात या नीतीचे मला ठाऊक असलेले उत्तम उदाहरण फुटबॉलमधले नाही, क्रिकेटमधले आहे. पण प्रश्न तोच असल्यामुळे वाचक क्षमा करतील. १९८० च्या फेब्रुवारीत मुंबईस वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताच्या २४२ धावांपुढे इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते. अशा वेळी पंचांनी बॉब टेलर यांस यष्टीमागे झेलबाद दिले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ स्लिपमध्ये उभे होते. चेंडू बॅटीस लागला नाही असे त्यांना वाटले. त्यांनी अपील मागे घेतले आणि टेलर यांस परत बोलाविले. टेलर यांनी ४३ धावा केल्या. बोथॅम यांच्या साथीने त्यांनी १७१ धावांची भर घातली, आणि भारत तो सामना १० गड्यांनी हरला. विश्वनाथ तटस्थ नव्हते. भारताने जिंकावे असे त्या दिवशी त्यांच्याइतके कोणास वाटत असेल? पण साक्ष देण्याची पाळी आली तेव्हा त्यांनी जे पाहिले ते सांगितले. विश्वनाथ यांच्या नावापुढे ९१ कसोटी सामने आणि ६०८० धावा लिहिलेल्या असतात. परत बोलाविलेला एक फलंदाज लिहावयास त्या तक्त्यात रकाना नाही.

साक्ष सुटली म्हणजे पुढे काय होते, तेही पाहिले पाहिजे. आपल्या महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड कोल्हापुरास आहे. तेथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बांधले, आणि पेठापेठांची ईर्ष्या शाहू स्टेडियमवर उतरली. त्या ईर्ष्येने खेळ जिवंत ठेवला, २०१७ सालच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळणाऱ्या अनिकेत जाधवसारखा खेळाडू घडविला. आणि त्याच ईर्ष्येने कधी कधी सामना संपल्यावर हातात दगडही दिले. कलकत्त्यास याहून भयंकर घडले. १९८० च्या १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असताना प्रेक्षकांत दंगल उसळली, आणि त्या चेंगराचेंगरीत १६ माणसे मेली. ती सकाळी घरून निघाली तेव्हा आपापल्या संघाच्या प्रेमानेच निघाली असतील. हॉटेलातला जल्प आणि मैदानावरची दंगल यांत मोठे अंतर आहे हे मी जाणतो. परंतु ‘त्याच्या बाजूचे काहीही खरे असू शकत नाही’ ही जी पहिली पायरी, ती दोहोंची एकच आहे. समोरच्याचे खरे मानण्याची सवय सुटली, म्हणजे समोर माणूस आहे हे मानण्याची सवयही हळूहळू सुटते.

आता त्या दिवशी मी उत्तर का दिले नाही ते सांगतो. माझ्या तरुणपणी आमच्या गावी गावसकर आणि विश्वनाथ असे दोन पंथ होते. मी गावसकरांचा, माझा एक जिवलग मित्र विश्वनाथांचा. हे दोघे खेळाडू नात्याने एकमेकांचे आप्त, गावसकरांच्या भगिनी विश्वनाथांच्या पत्नी. पण आम्हांस त्याचे काय? माझ्यापाशी एक जाड वही होती. वर्तमानपत्रांतून धावफलक उतरून मी तीत लिहीत असे, आणि त्या वहीमुळे साऱ्या मंडळीत माझा शब्द अखेरचा मानला जाई. माझ्या मित्रास आकडे पाठ नसत; त्यास फटके आठवत. मनगट कसे फिरले, चेंडू कोठून गेला, हे तो डोळे मिटून सांगे. एके रात्री १९७८-७९ सालच्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेवरून आमची जुंपली. मी गावसकरांच्या ७३२ धावा पुढे केल्या. तो गोंधळला. मग म्हणाला, “मद्रासले विश्वनाथनं काहीतरी केलं होतं गड्या. पाय न तुह्या वहीत.”

मी वही उघडली. मद्रासचे पान समोर होते. त्या सहा सामन्यांच्या मालिकेत निकाली निघालेला एकच सामना तो, १९७९ च्या जानेवारीतला. भारताने तो तीन गड्यांनी जिंकला, आणि त्यात विश्वनाथांच्या १२४ धावा होत्या. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईने. मी पान उलटले आणि म्हणालो, “विशेष काही नाही.” मंडळी हसली. मित्र गप्प बसला. त्याने वही मागितली नाही; मागण्याचे त्याच्या मनातही आले नसेल, कारण वही माझी होती आणि माझ्यावर त्याचा विश्वास होता.

७३२ हा आकडा खरा होता. मी खोटा आकडा एकही सांगितला नाही. तरी त्या रात्री मी जे केले त्यास दुसरा शब्द नाही. पुढे मी चाळीस वर्षांच्या आत-बाहेर हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. मुलांस खरे बोलावे म्हणून सांगितले. आणि प्रत्येक वेळी कोठेतरी ते उलटलेले पान सळसळत असे. काही वर्षांपूर्वी मित्र एका लग्नानिमित्त गावी आला होता. जेवणे आटोपल्यावर अंगणात खाटेवर बसलो असताना मी त्यास ही गोष्ट सांगितली. त्याने बराच वेळ आठवून पाहिले. त्यास तो वादच आठवेना. मद्रासचा विश्वनाथ मात्र आठवत होता. त्याने हात उचलून खाटेवर बसल्या बसल्या एक कट मारून दाखविला. क्षमा करावयास तेथे कोणी उरलेच नव्हते. ज्याचे नुकसान झाले तो विसरला होता, आणि ज्याने जिंकले त्याच्यापाशी तेवढे पान राहिले होते.

म्हणून त्या दोघा मुलांपुढे न्यायाधीश होण्याची मला छाती झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांना एक काम सांगितले; जुने मास्तर काम सांगण्यावाचून दुसरे काय करणार? मी म्हणालो, “खरा विजेता कोण ते मला ठाऊक नाही. तू मोहन बागानच्या बाजूचे सर्वांत बळकट जे असेल ते सांग. आणि तू मुंबईच्या. जो दुसऱ्याचे अधिक चांगले सांगेल त्याचा चहा माझ्याकडे.” दोघेही बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. आपल्या संघाचे शंभर आकडे जिभेवर असलेल्या त्या मुलांस समोरच्याचा एक नीट सांगता येईना. शेवटी मुंबईवाला हळूच म्हणाला, “शेवटच्या मॅचले त्याहिले जिंकनंच भाग होतं. अन् ते जिंकले.” बागानवाला काही बोलला नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, “फायनलले पहिला गोल आमचा होता. तरी तुमी तीन मारले. मानलं.” चहा मी दोघांसही पाजला, परंतु बाके त्या दिवशी वेगळीच राहिली. एका संध्याकाळच्या धड्याने माणसे बदलतात असे मास्तरांनी तरी समजू नये.

पुढचा हंगाम आला आणि गेला. २०२४-२५ साली शील्ड आणि कप दोन्ही मोहन बागाननेच नेले, त्यामुळे ‘खरा कोण’ हा प्रश्न त्या वर्षापुरता उरला नाही. पण त्याचे श्रेय तक्त्यास, माणसांस नव्हे. पुन्हा एखाद्या वर्षी मान वाटले जातील, पुन्हा युक्तिवादांची भांडी या घरातून त्या घरात जातील. त्या वेळी आपल्या हातातले भांडे गेल्या वर्षी कोणाचे होते, एवढे तळाशी कोरलेले नाव वाचण्याची सवय लागली, तरी माझ्या मते पुष्कळ झाले. शिलालेख कोरविणारे राजे आपले पराभव कोरवीत नसत. आपण राजे नाही. आपल्या वहीत दुसऱ्याच्या १२४ धावांस जागा असावयास हरकत नाही.

दोन्ही मान बागानला मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो तेव्हा दोघे एका बाकावर होते. मुंबईवाला म्हणत होता, “यंदा तुमचंच वर्ष होतं बाप्पा. पन रेफरीनं...” एवढे बोलून तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले, आणि पुढचे वाक्य चहाबरोबर गिळून टाकले.